गवताला रकाना नव्हता

डाखोरे सरांनी ज्या पानावर सही केली, ते पान मी बदललेलं होतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. सरांना सांगावं लागलं नाही, कारण त्यांना ते न सांगता कळलं होतं. कळल्याचं त्यांनी कधी दाखवलं नाही आणि मी त्याचा पुरेपूर फायदा घेतला.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. भोपाळच्या आमच्या मराठी मंडळानं स्मरणिकेसाठी त्यांच्यावर एक पानभर मजकूर मागितला. मी दिला. अभ्यासू, निगर्वी, निसर्गप्रेमी असे शब्द त्यात होते. लोकांना आवडला. सरांनी तो वाचला असता तर निसर्गप्रेमीवर पहिली काट मारली असती. कुणी त्यांच्यासमोर निसर्गाबद्दल प्रेमानं बोलायला लागलं की ते पायाजवळचं एखादं गवत उपटून समोर धरायचे आणि म्हणायचे, ‘‘प्रेम नंतर. आधी याचं नाव सांग.’’

ते पानभर लिहिलेलं खोटं नव्हतं, पण कामाचंही नव्हतं. म्हणून हे दुसऱ्यांदा लिहितो आहे.

वामन गुणवंत डाखोरे. वडील नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. राजधानी भोपाळला आली तशी फाइलींच्या पेट्यांबरोबर तेही आले आणि इथलेच झाले. सरांची बायको पिपलानीतल्या कारखान्याच्या शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे ही मंडळी कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायची आणि सर रोज तिथून स्कूटरवर आमच्या कार्यालयात यायचे. जमिनीवर काय उगवलेलं आहे हे पाहून त्याच्या नोंदी ठेवणं, हे आमच्या कार्यालयाचं काम. सर जागेवर जाऊन पाहणी करायचे. मी खोलीत बसून त्यांच्या हस्तलिखित पत्रकांचा संगणकावर गोषवारा करायचो. माझी आणि मातीची गाठ त्यांच्यामुळेच पडली.

त्यांच्या टेबलामागं भिंतीवर जगाचा एक नकाशा होता. देशांच्या सीमा त्यांनी पांढऱ्या रंगानं पुसून टाकल्या होत्या आणि त्याजागी स्वतःच्या हातानं पट्टे रंगवले होते. वर टुंड्रा, त्याखाली तैगाची सूचिपर्णी जंगलं, मग पानझडी रानं, गवताळ प्रदेश, वाळवंटं, मध्यावर वर्षावनं. हा माणूस उभ्या आयुष्यात काठमांडूपलीकडे गेला नव्हता. पण सायबेरियातल्या झाडांच्या फांद्या खाली का उतरलेल्या असतात, हे असं सांगायचा की तिथलं बर्फ त्याच्या डोळ्यांदेखत घसरून पडलं असावं. एकदा नवीन आलेल्या शिपायानं विचारलं, साहब, इसमें भारत कहाँ है. सर म्हणाले, हिंदुस्तान एका रंगात मावत नाही बापा, म्हणून तर इतके डबे आणावे लागले.

त्या नकाशाची सवय त्यांना इतकी जडली होती की कार्यालयसुद्धा त्यांनी पट्ट्यांमध्ये वाटून टाकलं होतं. लेखाशाखा म्हणजे टुंड्रा: खालची जमीन बारमाही गोठलेली, कुठलाही अर्ज हातभराच्या खाली मूळ धरत नाही. साहेबांचं दालन म्हणजे वर्षावन: सगळी धडपड वरच्या उजेडासाठी, खाली नुसता कुजलेला पाला. अभिलेख कक्ष वाळवंट, पण ओसाड म्हणायचं नाही, तिथं कित्येक वर्षांच्या बिया झोपून आहेत, एक माहितीचा अर्ज पडू दे, बघ कसं फुलतं. आणि कँटीन म्हणजे खारफुटी, खारं पाणी आणि चिखल, तरी सगळ्यात जास्त जीव तिथंच. मी एकदा विचारलं, सर, मी कुठला? त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘‘तू समशीतोष्ण पानझडी. हवा गार झाली की सगळी पानं टाकून मोकळा होतोस.’’

आम्ही सगळे हसलो. मीही हसलो.

त्यांचा जीव मात्र एकाच पट्ट्यात होता. आफ्रिकेत त्याला सॅव्हाना म्हणतात, मध्य आशियात स्टेप, अमेरिकेत प्रेअरी, आणि आमच्या माळव्यात बीड. बीड म्हणजे राखलेलं गवताचं रान. उन्हाळ्यात पिवळं, पावसाळ्यात छातीएवढं, मधूनच एखादं बाभळीचं किंवा पळसाचं झाड. येणारा-जाणारा म्हणतो, काही नाही, मोकळी जागा आहे. सरांच्या आयुष्यातली निम्मी भांडणं या ‘काही नाही’वरून झाली.

त्यांचं म्हणणं साधं होतं. गवताळ रान हे बिघडलेलं जंगल नव्हे. तिथं जंगल होतं आणि लोकांनी तोडलं, असंही नाही. चार महिने पाऊस, आठ महिने कोरडं, चरणारी जनावरं, अधूनमधून वणवा, अशा हवेत हजारो वर्षं जे टिकतं ते गवत. काळवीट, खोकड, चंडोल, तणमोर हे त्याचेच रहिवासी. त्यांना दाट झाडी दिली तर ते उपकार होत नाहीत, त्यांचं घर जातं. एका वनरक्षकाला हे पटेना तेव्हा सरांनी कुदळ मागून घेतली आणि भर उन्हात पवन्या गवताच्या एका ठोंबाशेजारी स्वतः खड्डा खणला. कमरेपर्यंत खाली गेले तरी मुळं संपेनात. घामानं निथळत वर पाहून म्हणाले, ‘‘हे पाहा जंगल. खाली आहे. तुम्ही उगाच वर शोधता.’’

पाहणीला जाताना ते बुटांवरून लोकरीचे जाड पायमोजे चढवायचे. दिवसभर रानातून चालले की मोजे कुसळांनी भरून जायचे. ते मोजे घरी आणायचे, अंगणात वर्तमानपत्र पसरून बसायचे आणि जुन्या फणीनं एक-एक कुसळ विंचरून गवताच्या जातीप्रमाणे वेगळं करायचे. मारवेल इतके, कुसळी इतकी, डोंगरी इतकी. त्यावरून रान कसं बदलतंय ते त्यांना समजायचं. वहिनी उंबऱ्यात उभ्या राहून म्हणायच्या की, लोकांचे नवरे बाहेरगावाहून मिठाई आणतात, आमच्याकडे चारा येतो. लहान मुक्ता, त्यांची एकुलती मुलगी, त्या ढिगातून लांब शेपटीची कुसळं निवडून ओल्या बोटानं त्यांना पीळ कसा सुटतो ते पाहत बसायची. पुढे ती याच विषयाची प्राध्यापक झाली, त्याची सुरुवात त्या वर्तमानपत्रावर झाली असणार.

कार्यालयात त्यांना ‘घासवाले साहब’ म्हणत. आमचे प्रमुख सक्सेना साहेब ते तोंडावरही म्हणायचे. एका दुपारी जेवताना त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, डाखोरे जी, आज डिब्बे में घास ही है क्या? सरांनी शांतपणे स्वतःचा डबा सरकवला, मग साहेबांच्या ताटाकडे बोट करून म्हणाले, ‘‘साहब, आपकी रोटी घास है, चावल घास है, और चाय में जो शक्कर डाली, वो भी घास है. पेड़ का तो इस थाली में बस आम का अचार है.’’ खोली हसली. सक्सेना साहेबही हसले, पण त्यानंतर त्यांनी सरांना कधी जेवायला शेजारी बसवलं नाही.

झाडांच्या विरुद्ध बोलणं ही आजच्या काळात किती अवघड गोष्ट आहे, ते मी सरांमुळे पाहिलं. दर पावसाळ्यात आमच्याकडे रोपं लावायचा कार्यक्रम व्हायचा. फोटो, टोप्या, पाण्याच्या झाऱ्या. सर यायचे, बाजूला उभे राहायचे, रोप हातात घ्यायचे नाहीत. शहराच्या रस्त्यावर लावा, शाळेत लावा, तोडलेल्या जंगलात लावा, त्यांची काही हरकत नसायची. बीडात मात्र लावू नका, एवढंच. पण एवढं ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो. त्यांच्या पाठीमागं त्यांना झाडांचा दुश्मन म्हणायला लागले. एका नव्या अधिकारी बाईंनी मला खरोखरच काळजीनं विचारलं, ये किसी लकड़ी वाले से मिले हुए तो नहीं हैं? मी नाही म्हटलं, पण जितक्या जोरात म्हणायला हवं होतं तितक्या जोरात नाही.

आष्ट्याच्या पुढे एक बीड होतं. त्याचं नाव इथं देत नाही. श्रावणात तिथं तणमोर यायचे. कोंबडीएवढा पक्षी, नर काळाभोर, आणि मादीला दिसावं म्हणून तो गवतातून सरळ वर उडी मारतो, बेडकासारखा टरटर आवाज करतो आणि परत गवतात बुडतो. दिवसभर हे चालू. सर दर श्रावणात दोन दिवस रजा काढून तिथं जायचे आणि उड्या मोजायचे. मुक्ता शाळेत असल्यापासून बरोबर असायची. नंतर नंतर मीही जाऊ लागलो. भंवरलाल म्हणून तिथला एक गुराखी होता, तो आम्हाला बांधावर बसवायचा, चहा द्यायचा आणि कुठल्या बाजूला आवाज आला ते हातानं दाखवायचा. सर त्याला भंवरलालजी म्हणायचे. सक्सेना साहेबांच्या नावापुढे त्यांनी कधी जी लावलेला मी ऐकला नाही.

आता ते पान.

आमच्या पत्रकात जमिनीचे सात रकाने होते. घनदाट वन, मध्यम वन, बिघडलेलं वन, रिकामी जमीन, शेती, पाणी, वस्ती. गवताला रकाना नव्हता. सर दर वर्षी त्या बीडाच्या ओळीत कुठल्याच रकान्यात खूण करायचे नाहीत. शेऱ्याच्या जागी लाल शाईनं हिंदीत लिहायचे, ‘प्राकृतिक घास का मैदान, रोपण न किया जाए.’ मी तो शेरा जसाच्या तसा गोषवाऱ्यात उतरवायचो. त्या वर्षी संगणकावर नवी पद्धत आली आणि तिच्यात शेऱ्याची जागाच नव्हती. सरांना मी सांगितलं. ते म्हणाले, मग ती ओळ रिकामी ठेव आणि माझं हाती लिहिलेलं पत्रक मागे जोड. विचारायला आले तर मी सांगीन.

रिकामी ओळ ठेवली की संगणक अख्ख्या जिल्ह्याचं पत्रक परत फेकायचा. वर रोपणाचं उद्दिष्ट ठरलेलं होतं, जमीन दाखवायची होती. सक्सेना साहेबांनी मला बोलावून घेतलं. त्यांनी मला धमकी दिली, असं मी म्हणणार नाही. ती सोय मला नको. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, डाखोरे जी विद्वान आदमी हैं, पर काम तो हमको-आपको करना है. मग बदल्यांची यादी सहज पुढे सरकवून एवढंच विचारलं, ‘‘बेटा इस साल बारहवीं में है न?’’

मी खाली आलो. त्या ओळीत चौथ्या रकान्याचा आकडा घातला: रिकामी जमीन. शेजारी संगणकानं आपणहून लिहिलं: रोपणयोग्य. दहा सेकंदांचं काम होतं. सरांचं हाती लिहिलेलं पत्रक मी मागे जोडलं नाही. ते माझ्या टेबलाच्या खणात ठेवलं.

सही घ्यायची आमच्याकडे एक पद्धत होती. गठ्ठ्यात जिथं सही हवी तिथं कागदाची पट्टी लावायची, अधिकारी पट्टी-पट्टीवरून सह्या करत जातो. डाखोरे सरांच्या बाबतीत ती चालायची नाही. ते प्रत्येक पान वाचायचे, आकड्यांची बेरीज पुन्हा करायचे, बाकीचे लोक त्यामुळे वैतागायचे. पण मी नेलेला गठ्ठा ते वाचायचे नाहीत. वर्षानुवर्षांच्या सवयीनं ते फक्त विचारायचे, पाहिलंस? मी पाहिलं म्हणायचो. मग सही.

त्या दिवशीही त्यांनी विचारलं, ‘‘पाहिलंस?’’

मी म्हटलं, ‘‘पाहिलं, सर.’’

खोटं नव्हतं. मी पाहिलंच होतं. पंखा चालू होता, पानं उडू नयेत म्हणून मी दुसऱ्या हातानं कोपरा धरून ठेवला होता, आणि ते त्या हाताशेजारी सही करत गेले.

पुढच्या श्रावणात आम्ही दोघं कार्यालयाच्या जीपनं बीडावर गेलो. मुक्ता त्या वर्षी परगावी होती. मला जायचं नव्हतं. रोपणाचे आदेश निघाले होते, हे मला ठाऊक होतं. पण पावसाळा लागला तरी काम सुरू झालं नसेल, अशी आशा मी करत होतो. आणि नाही म्हणायला कारण सापडत नव्हतं. वळण घेतल्यावर आधी तारेचं कुंपण दिसलं. मग खड्डे. सरळ रेषेत, आखल्यासारखे, नजर जाईल तिथपर्यंत. प्रत्येक खड्ड्यात करंजाचं किंवा शिसवीचं वीतभर रोप आणि खड्ड्यांच्या मधून उपटलेल्या गवताचे ठोंब मुळं वर करून पडलेले.

सर जीपमधून उतरले आणि कुंपणाशी उभे राहिले. भंवरलाल आला. त्यानं राम-राम केला नाही. जनावरं आता कुठं नेऊ, असंही त्यानं विचारलं नाही. खाली बघत म्हणाला, ‘‘साहब, गार्ड तो बोला, कागज पे भोपाल वाले घास-साहब की ही दस्तखत है. हमने कहा, झूठ बोलता है.’’

सर माझ्याकडे वळले नाहीत. ते मला नंतर कित्येक दिवस आठवत राहिलं. कुणीही माणूस अशा वेळी शेजारच्याकडे पाहतो. त्यांनी पाहिलं नाही. ते कुंपणाच्या कडेकडेनं चालत गेले, कान देऊन उभे राहिले, पुन्हा चालले. टरटर कुठं ऐकू येते का, ते बघत होते. आम्ही तीन तास थांबलो. त्या दिवशी मोजायला काही नव्हतं.

परतीच्या वाटेवर सिहोर आल्यावर ते म्हणाले, ‘‘तुझ्या मुलाचा निकाल कसा लागला?’’ ते नेहमीच विचारायचे, मुलांबद्दल, आईबद्दल. त्यात टोमणा होता की नव्हता, हे मला आजही ठरवता आलेलं नाही. चांगला लागला, असं मी सांगितलं. ते म्हणाले, छान.

दुसऱ्या दिवशी ते सक्सेना साहेबांच्या दालनात गेले. मला फाइल घेऊन आत बोलावलं होतं, म्हणून मी ते पाहिलं. साहेबांनी ते पान काढून टेबलावर सरांकडे फिरवून ठेवलं. सरांनी ओळीवर बोट ठेवून ती वाचली. मग खालची सही पाहिली. मग पान उलटून मागे काही जोडलं आहे का, ते पाहिलं. त्या क्षणी त्यांना सगळं कळलं. पत्रक जोडायला त्यांनी कुणाला सांगितलं होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

साहेब म्हणाले, ‘‘दस्तखत तो आपके ही हैं, डाखोरे जी.’’

मी दाराशी उभा होतो. तोंड उघडायला मला एवढाच वेळ होता. फार थोडा नव्हता. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

सर म्हणाले, ‘‘जी. मेरे ही हैं.’’

त्यांनी मला वाचवलं, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते ऐकायला बरं वाटतं. त्यात त्यांचा मोठेपणा आणि माझ्यावरचं त्यांचं प्रेम, दोन्ही येतं. आता मला तसं वाटत नाही. न वाचता सही केली, हे उघड करणं त्यांना मरणाहून कठीण गेलं असतं. ते इतरांना त्यासाठी फाडून खायचे. आणि न वाचता सही का केली, याचं उत्तर देताना त्यांना म्हणावं लागलं असतं की माझा अरविंदवर विश्वास होता. ते वाक्य त्यांना परक्यांसमोर उच्चारायचं नव्हतं, इतकंच.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. बीड वाचवा म्हणणाऱ्या पक्षिप्रेमी मंडळींच्या हाती ते पान लागलं. जे सरांना व्याख्यानाला बोलवायचे, त्यांनी बोलावणं थांबवलं. एकानं त्यांच्या तोंडावर विचारलं की, किती वर्षं हे नाटक चालू होतं. कँटीनमध्ये नवा विनोद निघाला, घासवाले साहब घास खा गए. सरांनी कुणालाच उत्तर दिलं नाही. वरच्यांना पत्रं मात्र लिहिली, पुष्कळ लिहिली, माझी नोंद चुकीची आहे, दुरुस्त करा म्हणून. उत्तर एकच यायचं: नोंद आपल्याच सहीनं प्रमाणित झाली आहे. रोपं पहिल्या उन्हाळ्यात निम्मी वाळली. कंत्राटदारानं दुसऱ्यांदा लावली. तणमोर परत आले नाहीत.

माझी बदली झाली नाही. यथावकाश बढती मिळाली, शाहपुऱ्यात घर झालं, मी राजपत्रित अधिकारी झालो. सर आणि वहिनी निवृत्त झाल्यावर पिपलानीचं क्वार्टर सोडून आनंद नगरला राहायला गेले. वहिनी वारल्या तेव्हा मी जाऊन आलो. दारात चपलांची गर्दी होती, तेवढं बरं होतं, बोलावं लागलं नाही.

त्यांच्या शेवटच्या नोव्हेंबरमध्ये एका दुपारी ते माझ्या घरी आले. निवृत्तिवेतनासाठी दर वर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. बँकेतल्या यंत्रानं त्यांच्या बोटांचे ठसे घेतले नव्हते. माती उकरून बोटं गुळगुळीत झाली होती, असं ते म्हणाले. त्यामुळे कागदावर राजपत्रित अधिकाऱ्याची सही हवी होती. आनंद नगरहून शाहपुऱ्याला यायचं म्हणजे अर्धं शहर ओलांडायचं. वाटेत असे दहा अधिकारी राहत असतील. ते दोन बस बदलून माझ्याकडे आले.

बायकोनं चहा आणला. मी कागद पुढे ओढला, पेन काढलं. सही करायला वाकलो तसा त्यांनी कागदावर हात ठेवला.

‘‘आधी वाच,’’ ते म्हणाले. ‘‘मोठ्यानं वाच.’’

मी वाचलं. प्रमाणित किया जाता है कि श्री वामन गुणवंत डाखोरे आज मेरे समक्ष उपस्थित हुए और जीवित हैं. ‘मेरे समक्ष’पाशी मी अडलो आणि ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. बायकोला वाटलं, चहा घशात अडकला, तिनं पाणी आणून दिलं. सरांनी हात काढला. मी सही केली, शिक्का मारला. मग म्हणालो, ‘‘सर, त्या वर्षी मी...’’

ते उठून उभे राहिले होते. ‘‘साडेतीनची बस आहे ना रे इथून?’’ त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. ऐकायचं नाही असं त्यांनी ठरवलेलं होतं की मी पुन्हा एकदा सांगायला लागावं असं त्यांना वाटत होतं, हे मी तेव्हा तपासून पाहिलं नाही. मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं.

बाल्कनीतून मी त्यांना पाहत राहिलो. तळ्याकडून वारा येत होता. थांब्यावर बाकीची माणसं दुकानाच्या छपराखाली होती, हे एकटे उन्हात. दाखला पिशवीत न ठेवता हातातच धरला होता. बस आली, कंडक्टरनं त्यांना दंडाला धरून वर घेतलं. आत उभं राहायला जागा नव्हती. गर्दीत त्यांचा पांढरा शर्ट थोडा वेळ दिसला, मग बस वळली. महिन्याभरात ते गेले.

तेराव्याला मुक्ता भेटली. घर आवरायला ती आठवडाभर आनंद नगरलाच राहणार होती. केस पिकायला लागलेत तिचे. मला बाजूला घेऊन म्हणाली, काका, तुम्ही त्या वेळी त्यांच्याबरोबर कामाला होता. बाबांनी त्या पानावर सही का केली असेल? मी एकदाच विचारलं होतं, तुम्ही न वाचता केलीत का? तर म्हणाले, वाचलं होतं. पुढे आम्ही या विषयावर कधी बोललोच नाही. मग तिनंच उत्तर दिलं. ‘‘मला वाटतं, ते थकले होते, काका. सगळेच एका बाजूला. शेवटी त्यांनाही पटलं असेल की झाडं लावलेलीच बरी.’’

मी म्हणालो, ‘‘मला माहीत नाही, बेटा.’’

बीड जाण्यापेक्षाही हे वाईट झालं. आयुष्यभर जे सांगत आले ते या माणसानं अखेरीस स्वतःच सोडून दिलं, असं त्याची मुलगी धरून चालली आहे. ती वर्गात गवताळ प्रदेश शिकवते आणि शिकवताना वडिलांचं नाव घेत नाही. तसं तिनंच मला सांगितलं. तिचा तो समज तेराव्याच्या दिवशी एका वाक्यात मोडता आला असता.

सरांचं हाती लिहिलेलं पत्रक माझ्याकडे आहे. लाल शाई फिकट झाली आहे, पण वाचता येते. मुक्ताच्या समोर बसून ते तिच्या हातात द्यायचं आणि सांगायचं की तुझ्या बाबांचं मत शेवटपर्यंत बदललं नव्हतं. नोंद मी बदलली, आणि त्यांनी ते पान वाचलं नव्हतं. मग हेच सगळं माझ्या सहीनं कार्यालयाला लिहून द्यायचं, म्हणजे त्या ओळीखालून त्यांचं नाव निघेल. या दोन गोष्टी मी त्यांचं देणं लागतो. आज हे लिहितानाही त्यातली एकही मी केलेली नाही.